स्लॅबला पाणी

भुसावळ, ऑक्टोबर

बाळ्या,

दोन वर्षं पत्र नाही, फोन नाही, आणि आता लिहितोय तर छताबद्दल. शिव्या नंतर दे. पण हे तुझ्याशिवाय कोणाला सांगता येत नाही.

तब्येती बऱ्या. आईचा गुडघा तोच, माझी शुगर तीच.

ऑगस्टमध्ये नानांच्या खोलीत पंख्याजवळचं परातीएवढं प्लास्टर रात्री खाली आलं. नाना नेमके बाथरूमला गेले होते. परत आले, गादीवरची ढेकळं बघितली आणि म्हणाले, "त्या मिस्तरीनंच वाटोळं केलं भो घराचं!" सव्वीस वर्षं तोच मिस्तरी शिव्या खातोय. आणि मी खाली मान घालून ढेकळं गोळा करत होतो.

आठवतं ना? २३ मे १९९९, रविवार. स्लॅब ओतून तिसरा दिवस. नाना ड्यूटीवर, आणि स्लॅबवरच्या आळ्यांत चार वाजता पाणी भरायचं काम आपल्या दोघांचं. भुसावळचा मे महिना. ओतलेलं पाणी डोळ्यांदेखत आटायचं. पण केनियाविरुद्ध मॅच होती, वडिलांच्या अंत्यसंस्कारानंतर सचिन परत गेला होता, आणि तू म्हणालास, "एक ओव्हर बघून येऊ." नाबाद १४० बघून आलो, तोवर आळी कोरडी ठणठणीत! रात्री गुपचूप बादल्या ओतल्या, त्यात माझी चप्पल तू हौदात पाडलीस. ती अजून देणं आहेस.

एवढ्याशा कामाला गवंडी येईना. एक आला, बघून गेला, पण जाताना सांगून गेला की पाणी कमी मिळालेला स्लॅब आतून बारीक छिद्रांचा राहतो, ओल झिरपते, सळई गंजते, गंज फुगतो आणि प्लास्टर ढकलून देतो. मला घाम फुटला. गच्चीवर गेलो तर पाणी जायच्या पाइपाचं तोंड निंबाच्या पानांनी आणि पतंगाच्या मांज्यानं बुजलेलं. म्हणजे निम्मा गुन्हा निंबाचा. उरलेल्याची वाटणी तू कर.

मग मीच चढलो घोडीवर. आधी घाई केली, ओल्या छतावर पुट्टी फासली. आठ दिवसांत उडदाच्या पापडासारखी सुटून आली. मग पाइप साफ करून, भेगा बुजवून, उन्हात तीन आठवडे वाळू दिलं. मेन स्विच बंद करून हातोडीच्या दांड्यानं ठोकत गेलो: चांगल्या जागी 'ठक', पोकळ जागी 'भद'. भद वाजलं तेवढं सगळं छिन्नीनं काढलं. परातीचं ताट झालं, ताटाचं जेवणाचं टेबल. आत सळई तपकिरी, पापुद्रे सुटलेली. तारेच्या ब्रशनं घासली, गंजरोधक प्राइमर लावला, तो वाळल्यावर जागा भिजवून सिमेंटचं दूध फासलं आणि एक सिमेंट चार वाळूचा माल थापीनं वर मारला. पहिला गोळा सरळ तोंडावर! नाना खुर्चीत बसून बघत होते. इतके हसले की खोकला लागला. एकदम जाड थर मारला की आपल्याच वजनानं उतरतो. दोन पातळ थरांत टिकलं. पातळी मात्र खड्ड्यांच्या रस्त्यासारखी. वर बघू नकोस, म्हणजे झालं.

तुझ्या नव्या फ्लॅटचं ऐकलं, अभिनंदन. पोरगी बारावीला ना? वहिनींना नमस्कार. भरिताची वांगी आली की पाठवतो.

नाना काल म्हणाले, "पाणी मार रे बराबर. त्या मिस्तरीसारखं करू नको." तोंडापर्यंत आलं होतं, गिळलं. ८१ वर्षांच्या माणसाला सांगून काय मिळणार? पण न सांगता त्यांच्या उशाशी रोज पंप घेऊन उभं राहतो, तेही जमत नाही रे. तू दिवाळीत ये. कोणी तोंड उघडायचं ते वरण-बट्टी खाऊन ठरवू. मॅचला तू नेलं होतंस, एवढं लक्षात ठेव.

सात दिवस पाणी मारायचंय, आज तिसरा. चार वाजले. उठतो.

तुझा,
पक्या