साहेब, पाकिटावर नुसतं ४१२ नको, गवार गम लिहा

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री यांस,
स.न.वि.वि.

साहेब, माझं किराणा दुकान आहे, वडिलांपासूनचं, आणि हल्ली गिऱ्हाईक भावापेक्षा जास्त पाकिटावरचे नंबर विचारतं, पदार्थात काय मिसळलंय ते सांगणारे. परवा एक काकू आइस्क्रीमचा डबा उलटा करून चष्मा वर-खाली करत म्हणाल्या, अरे हे ४१२ काय आहे, आणि ४७१ म्हणजे डुकराची चरबी ना, आमच्या ग्रुपवर आलंय. डबा परत फ्रीजरमध्ये गेला.

आता ४१२ म्हणजे गवार गम. आपण जी गवारीची भाजी खातो तिच्याच बियांची पूड, राजस्थानात ढिगाने पिकते आणि जगभर जाते. आइस्क्रीममध्ये बर्फाचे खडे होऊ नयेत, दाटपणा टिकावा म्हणून घालतात. कढी फुटू नये म्हणून काकू स्वतः बेसन लावतात, काम साधारण तेच. ४७१ चं, म्हणजे तेल-पाणी एकजीव ठेवणाऱ्या पदार्थाचं, मात्र जरा अडचणीचं आहे, ते वनस्पती तेलापासूनही बनतं आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही, नंबर बघून काहीच कळत नाही. पण प्राण्याचं असेल तर आपल्याकडे तपकिरी त्रिकोण छापावा लागतो, डब्यावर हिरवा ठिपका होता. हे मी सांगेपर्यंत काकू रस्ता ओलांडून गेल्या.

मग ३१९. हे टीबीएचक्यू, अँटिऑक्सिडंट, तेल हवेने खवट होऊ नये म्हणून घालतात. आमची आजी लोणी कढवताना विड्याचं पान टाकायची, त्यातही अँटिऑक्सिडंट असतात, फक्त आजीला हा शब्द माहीत नव्हता. टीबीएचक्यू मात्र कारखान्यात बनतं आणि त्याला मर्यादा आहे, तेलात किलोला २०० मिलिग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमचा एक चमचा पंचवीस किलो तेलाला. मर्यादा आहे हे चांगलंच आहे, पण ती गिऱ्हाइकाला कोण सांगणार? आणि गंमत बघा, नियमात अँटिऑक्सिडंट आणि प्रिझर्वेटिव्ह हे दोन वेगळे वर्ग आहेत, त्यामुळे माझ्याच रॅकवर एक पाकीट आहे ज्याच्या पुढे मोठ्या अक्षरात 'नो प्रिझर्वेटिव्ह' आणि मागे बारीक अक्षरात ३१९. कागदावर खोटं नाही, पण माणूस फसतोच ना. टिकवायलाच घातलंय की ते!

नंबरांना माझा विरोध नाही, ते जगभर चालतात. पण तुमच्या २०२० च्या लेबलिंग नियमांत वर्गाच्या नावासोबत पदार्थाचं नाव किंवा नंबर, दोन्हींपैकी एक चालतं. कंपनी अर्थातच नंबर टाकते, जागा कमी लागते. ते 'किंवा' काढा आणि 'आणि' करा, एवढंच म्हणतोय. ४१२ घाबरवतो, गवार गम घाबरवत नाही. आणि उलटंही आहे, ज्याला खरंच जपायला हवं त्यालाही नंबर काही सांगत नाही. २२० आणि २२३ ही गंधकाची संयुगं, दम्याच्या काही लोकांना त्याने त्रास होतो. किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर पाकिटावर तसं वेगळं लिहावं लागतं हे मान्य, पण सुट्या बेदाण्याला कुठलं पाकीट? गंधकाची धुरी दिलेला पिवळाधमक बेदाणा मीही सुटाच विकतो, खोटं कशाला बोलू.

दुसरं, भाषा. लेबल इंग्रजी किंवा हिंदीत असलं की झालं, मराठी ही कंपनीची मर्जी. काकूंचं मराठी चौथीपर्यंतचं, त्यांनी ४१२ च्या आधीचं 'स्टॅबिलायझर' इंग्रजीत वाचायचं तरी कसं? 'दाटपणासाठी: गवार गम', 'तेल खवट होऊ नये म्हणून: टीबीएचक्यू', अशा दोन ओळी पाकिटावर सहज मावतात, तिथे आत्ता लकी ड्रॉची जाहिरात आहे.

तोवर मी काउंटरला हाताने लिहिलेला एक तक्ता चिकटवलाय, वीसेक नंबरांचा. कंपन्यांचे सेल्समनसुद्धा थांबून वाचतात.

आपला,
एक किराणा दुकानदार