आधी प्लाझ्माचा रंग बघा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

२०२४ ला मायक्रोआरएनएच्या (जीन्सचं काम कमी-जास्त करणारे आरएनएचे छोटे तुकडे) शोधाला नोबेल मिळालं तेव्हापासून "रक्ताच्या थेंबावरून कॅन्सर कळणार" टाइपच्या बातम्या सगळीकडे येतायत, तुमच्याकडेही. मी लॅबमध्ये आहे म्हणून सोसायटीतले लोक मलाच विचारतात, ही टेस्ट तुमच्याकडे होते का हो?

मायक्रोआरएनए म्हणजे जेमतेम २२ अक्षरांचे (जनुकीय अक्षरांचे) तुकडे, त्यात लेट-७ नावाच्या कुटुंबातली भावंडं एकमेकांपासून एखाद-दोन अक्षरांनीच वेगळी, त्यामुळे पद्धत बदलली की आकडा बदलतो. क्यूपीसीआर (ठरलेल्या तुकड्याच्या प्रती वाढवत तो किती आहे ते मोजणं) स्वस्त नि पटकन होतं पण ज्याचा प्रायमर, म्हणजे तो तुकडा ओळखणारा धागा, टाकाल तेवढंच दिसणार. सिक्वेन्सिंगमध्ये (सगळ्या तुकड्यांची अक्षरं वाचणं) अनोळखी तुकडेही दिसतात, पण त्याआधी टोकांना अडॅप्टर नावाचे जोडतुकडे जोडताना काही तुकडे पटकन चिकटतात, काही नाटकं करतात, मग जे जास्त दिसलं ते रक्तातही जास्त होतं का? डिजिटल पीसीआर थेट कॉपीज मोजतं, माहीत असलेल्या नमुन्यांशी ताडून बघायच्या स्टँडर्ड कर्व्हची भानगड नाही. एक-दोन मार्कर (आजाराची खूण सांगणारे तुकडे) ठरलेले असतील (वृषणाच्या कॅन्सरमध्ये एमआयआर-३७१ए या मायक्रोआरएनएचं काम खरंच चांगलं झालंय) तर माझं मत त्यालाच, महाग पडलं तरी.

पण खरी गंमत मशीनच्या आधीच होते. मागच्या पावसाळ्यात एका रिसर्च प्रोजेक्टसाठी एका कलेक्शन सेंटरवरून ट्यूब आल्या, बाइकवरून हिंदकळत, सेंट्रीफ्यूज केल्यावर प्लाझ्मा (पेशी खाली बसल्यावर वर राहणारा पिवळसर द्रव) बघतो तर रोझ सरबत! लाल पेशी फुटलेल्या. त्या पेशींमध्ये एमआयआर-१६ आणि ४५१ हे मायक्रोआरएनए खच्चून भरलेले असतात, आणि बरेच जण बाकीच्यांची तुलना करायला १६ च धरतात. म्हणजे किलोचं मापच जड झालं की हो, मग पेशंटचा मार्कर वाढलेला असला तरी कमीच दिसणार. आम्ही एमआयआर-२३ए (पेशी फुटल्या तरी फारसा न बदलणारा) आणि ४५१ च्या सीटीमधला (पीसीआरच्या कितव्या फेरीत तुकडा दिसायला लागला तो आकडा) फरक काढला, ७ च्या वर गेला की शंका घ्यायची, तो ९ च्या आसपास. सगळ्या ट्यूब बाद केल्या. सेंटरवाले भडकले, "सीबीसीला (रक्तपेशींच्या साध्या मोजणीला) चालतं की असलं सॅम्पल!" म्हणे (तिथेही खरं तर चालत नाही, असो).

तेव्हा एक विनंती. पुढच्या वेळी अशी बातमी छापाल तेव्हा कुठल्या पद्धतीने मोजलं ते विचारून घ्या, सीरम (रक्त गोठू दिल्यावर उरणारा द्रव) होतं की प्लाझ्मा, आणि ट्यूबला ईडीटीएचं जांभळं झाकण होतं की हेपॅरिनचं हिरवं (दोन्ही रक्त गोठू न देणारी रसायनं), कारण हेपॅरिन पीसीआरलाच आडवं येतं. दोन ओळींची तर जागा लागेल.

आपला,
एक लॅबवाला, पुणे