रोझा दा तिवोलीच्या शेळ्या

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. शेळ्या एका जागी ठरत नाहीत म्हणून त्यांची चित्रं काढणं सोडून दिलंस, असं तू लिहिलंस. ते वाचल्यापासून तुला फिलिप पेटर रोस या जनावरं रंगवणाऱ्या चित्रकाराबद्दल कधी सांगतोय असं झालंय.

हा मूळचा जर्मन. वडील योहान हाइनरिश रोस फ्रँकफुर्टचे नावाजलेले चित्रकार, तेही गुरंमेंढरंच रंगवणारे. हेसन-कासल या जर्मन संस्थानाच्या राजाने १६७७ मध्ये फिलिपला खर्चाला पैसे देऊन शिकायला रोमला धाडलं, तो तिकडचाच झाला. धर्म बदलून जाचिंतो ब्रांदी या चित्रकाराच्या मुलीशी लग्न केलं आणि पुढे रोमजवळ तिवोलीला बिऱ्हाड थाटलं. त्यावरून नाव पडलं रोझा दा तिवोली, म्हणजे तिवोलीचा रोस. घरात जनावरं इतकी, की लोक त्या घराला 'नोहाचं तारू' म्हणत, बायबलमधल्या प्रलयात सगळे प्राणी वाचवणाऱ्या नावेवरून.

आता चित्रं बघ. तो नजर अगदी खाली ठेवतो, जमिनीवर बसून बघावं तशी. त्यामुळे खडकावर चढलेला बोकड थेट आभाळावर उठून दिसतो आणि मेंढपाळ मागे कुठेतरी पडून राहतो. लोकर जाड, कोरडसर रंगाच्या फटकाऱ्यांनी उठवलेली. शिंगाच्या कडेवर उजेडाची एकच ओढ. बोकडाची लोंबती दाढी आणि मागचा भेगाळलेला कडा, दोन्ही एकाच दमात रंगवल्यासारखे वाटतात. तुला डच चित्रकार पाउलुस पॉटरचा १६४७ मधला बैल आवडतो, ठाऊक आहे. ते हॉलंडचं सपाट कुरण, त्या बैलाभोवतीच्या माश्यासुद्धा दिसतात. पण रोसकडे जनावराचं वजन कळतं रे! भार कुठल्या पायावर आहे, मान आत्ता कुठे वळणार आहे, सगळं कळतं. मला तो पॉटरपेक्षा मोठा वाटतो तो एवढ्यासाठीच.

आणि वेग! रोममधल्या डच-फ्लेमिश चित्रकारांच्या टोळीने त्याला 'मर्क्युरियस' म्हणायला सुरुवात केली, देवांच्या त्या वाऱ्यासारख्या निरोप्यावरून. पत्त्यांचा डाव संपायच्या आत त्याने एक चित्र पुरं करून पैज जिंकली, अशीही गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो नसो, असा हात चालायला शेळी आधी डोळ्यांत मुरलेली लागते. ती समोर ठरली नाही तरी मग अडत नाही.

पैसा मात्र हातात टिकला नाही. १७०६ मध्ये रोममध्येच गेला, गरिबीत. त्याची बरीच चित्रं आता काळवंडलीत. खालचा गडद थर वर उमटून दऱ्या, झाडं त्यात बुडालीत. मेंढ्यांच्या पाठी तेवढ्या अजून उजळ आहेत. व्हिएन्ना, ड्रेस्डेन, माद्रिदच्या संग्रहालयांत त्याची चित्रं आहेत, त्यांचे फोटो ऑनलाइन मिळतील. मोठे करून बघ.

तुझ्याकडे तर गोठा दाराशी आहे. महिनाभर कागद न घेता नुसता जाऊन बस, मग काढ. दिवाळीच्या आत एक तरी शेळी मला पाठव, अर्धवट असली तरी चालेल.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय