कागदावर पान्याला जागा लागत नाही

स्टुटगार्ट
रविवार, रात्री

तीर्थरूप अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "डोळ्यांवर ती पेटी बांधून ऑफिसात नक्की काय करता?" मागून आईचं हसूही ऐकू आलं. तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

आम्ही एका पॅकिंग मशीनचा गिअरबॉक्स नव्याने करतोय. मशीन अजून बनलेलंच नाही, नुसतं संगणकावरचं कॅड मॉडेल आहे. हेडसेट चढवला की ते खऱ्या मापात समोर उभं राहतं. भोवती फिरायचं, वाकून पोटात डोकवायचं. पुण्याचे दोघं आणि इथले आम्ही तिघं एकाच वेळी त्याच्याभोवती असतो. माणसांच्या जागी कमरेपर्यंतचे बाहुले, पायच नाहीत! पण कोण कुठे बघतोय, कशावर बोट ठेवतोय ते कळतं. व्हिडिओ कॉलवर "डावीकडचा, नाही हो, त्याच्या खालचा" यातच निम्मा वेळ जायचा.

गेल्या आठवड्यात पुण्याचा पोरगा गुडघ्यावर बसला, पाना मागच्या नटाला लावला. पाना कव्हरला भिडला आणि तेवढा भाग लाल झाला. "सर, हा फिरायचा नाही." तीन महिने तो नट आम्ही सगळे स्क्रीनवर बघत होतो. मला कुपवाडचं तुमचं ओतकामाच्या नमुन्यांचं पॅटर्न शॉप आठवलं. ड्रॉइंग घेऊन आलेल्या साहेबांना तुम्ही म्हणाला होतात, "कागदावर पान्याला जागा लागत नाही."

पण अण्णा, यात वजन नाही. हात लोखंडातून आरपार जातो. अठरा किलोचं कव्हर आमच्या एकाने फुलासारखं उचललं आणि म्हणाला, एकटा माणूस काढेल. मी भंगारातून तेवढ्याच वजनाचा तुकडा आणून टेबलावर ठेवला. त्याने उचलून बघितला, काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी ड्रॉइंगवर कव्हरला उचलण्यासाठी दोन आय बोल्ट, म्हणजे कडीचे बोल्ट, आले होते.

पहिल्या दिवशी मला मळमळलं, आंबा घाटात एसटीत आईला व्हायचं तसंच. डोळे म्हणतात चाललोय, कानातला तोल म्हणतो उभा आहे. आता बटणाने सरकत नाही, खरंच चालतो, आणि वीस मिनिटांनी पेटी उतरवतो. तरी आमची पेटी बरीच हलकी. १९६८ च्या सुमारास अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी केलेला हेडसेट, काहीसा वजनामुळे, छताला टांगावा लागे. हे वाचताना तुमची चेन पुली डोळ्यांसमोर आली.

दिवाळीला येताना माझा हेडसेट आणतोय. कंपनीचं मॉडेल आणता येत नाही, म्हणून तुमच्या त्या पंपाच्या केसिंगचं मॉडेल घरी करायला घेतलंय. जुन्या ड्रॉइंगचा फोटो आहे, पण घडीवर कोअर प्रिंटचं, म्हणजे गाभा बसवायच्या जागेचं, माप पुसलंय. आणि ओतीव लोखंड निवताना आक्रसतं म्हणून मीटरला दहा मिलिमीटर जास्त धरलेत, ते तुम्ही तेवढेच ठेवायचात ना? बुधवारी फोन करतो, आठवून ठेवा.

आईला म्हणावं, भडंग आत्ता पाठवू नको, मीच येऊन खाईन.

तुमचा,
बाळू