भौतिकशास्त्राचे व्याकरण आणि प्रयोगवहीतली मराठी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

‘भौतिकशास्त्रचे शिक्षक पाहिजेत’ अशी जाहिरात हल्ली क्लासच्या फलकांवर दिसते आणि दैनिकांच्या छोट्या जाहिरातींतही. ‘शास्त्र’ हे अकारान्त नपुंसकलिंगी नाम. प्रत्यय लागण्याआधी त्याचे सामान्यरूप ‘शास्त्रा’ होते, म्हणून भौतिकशास्त्राचे, भौतिकशास्त्रात. ‘फिजिक्स’चे सामान्यरूप होत नाही, आपण सरळ ‘फिजिक्सचे’ म्हणतो. बोलायचे फिजिक्स आणि लिहायचे भौतिकशास्त्र, या अदलाबदलीत एकाची सवय दुसऱ्याला चिकटली असावी.

फिजिक्सच्या शेवटी आलेला ‘स’ही फसवा आहे. मूळ ग्रीक शब्द ‘निसर्गाविषयीच्या गोष्टी’ अशा अर्थाचा, अनेकवचनी. इंग्रजीने अनेकवचनाची खूण ठेवली, क्रियापद मात्र एकवचनी लावले. ‘फिजिक्स आर’ लिहिणारा विद्यार्थी तिथेच अडकतो. मराठीत ही अडचण नाही: फिजिक्स अवघड गेले, भौतिकी अवघड गेली. ‘भौतिकशास्त्रज्ञ’ मात्र जोडूनच लिहावे. तोडून लिहिलेला ‘भौतिक शास्त्रज्ञ’ म्हणजे पंचमहाभूतांचा बनलेला शास्त्रज्ञ, आणि तसे तर आपण सगळेच. बातमीचे भाषांतर करताना ‘फिजिशियन’ आणि ‘फिजिसिस्ट’ यांचीही गल्लत होते. पहिला डॉक्टर. तो शब्द आधीच अडकलेला होता, म्हणून तर इंग्रज विद्वान विल्यम व्ह्यूएल यांना 1840 मध्ये दुसरा घडवावा लागला.

बातम्यांतली आणखी एक चूक अर्थच बिघडवते: ‘प्रकल्पातून ताशी 100 मेगावॉट वीज’. वॉट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल. दर त्यातच आला. त्याला ‘ताशी’ जोडणे म्हणजे ‘ताशी 60 किलोमीटर’ला पुन्हा एकदा ताशी लावणे. 100 मेगावॉटचा प्रकल्प तासभर पूर्ण क्षमतेने चालला तर 100 मेगावॉट-तास, म्हणजेच बिलावरची 1 लाख युनिटे वीज तयार होते. तसेच तापमानाचे ‘अंश केल्विन’. केल्विनमागचा अंश 1967 पासून गेला आहे.

आता प्रयोगवहीकडे येतो, कारण प्रात्यक्षिक परीक्षेत गुण जातात ते बहुधा सूत्रात नव्हे, वाक्यात. साध्या दोलकाचा प्रयोग घ्या: दोरीला टांगलेल्या गोळ्याच्या आंदोलनांवरून गुरुत्वत्वरण, म्हणजे पडत्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते, काढायचे. वहीत हमखास सापडणारे वाक्य: ‘विद्यार्थ्याद्वारे दोरीची लांबी 100 सेमी घेतली गेली व 20 आंदोलनांचा वेळ मोजण्यात आला.’ ‘द्वारे’ आणि ‘घेतली गेली’ हा इंग्रजी कर्मणीचा सांगाडा आहे. मराठीत ‘लांबी 100 सेमी घेतली, वेळ मोजला’ एवढे पुरते. कर्ता न लिहिताही क्रियापद कर्माशी जुळते. उलट टोकाला काही जण पुस्तकातले ‘घ्या, मोजा, नोंदवा’ तसेच उतरवतात. ती सूचना झाली, केलेल्या कामाची नोंद नव्हे.

पण खरा दोष त्याच्याही खाली आहे. लांबी कुठून कुठपर्यंत? दोलकाची लांबी टांगणबिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. गोळ्याचा व्यास 2 सेमी असेल आणि नुसती दोरीच मोजली, तर 100 सेमीच्या जागी 99 सेमी भरतात आणि गुरुत्वत्वरण 9.8 ऐवजी 9.7 मीटर प्रति सेकंद वर्ग येते. मोजणीचेही तसेच. घड्याळ सुरू करतानाच ‘एक’ म्हटले तर 20 म्हणेपर्यंत आंदोलने 19च होतात, आणि उत्तर थेट 10.9 च्या घरात जाते. म्हणून वाक्य असे हवे: ‘गोळा मध्यस्थितीतून उजवीकडे जाताना “शून्य” म्हणून घड्याळ सुरू केले, त्याच दिशेने विसाव्यांदा जाताना थांबवले.’ दिशा लिहिली नाही तर अर्धे आंदोलन कुणी पूर्ण धरले का, हे वही तपासणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

विभक्तीचा प्रत्ययही भौतिकशास्त्र सांगतो. न्यूटनचा तिसरा नियम बहुतेकांना पाठ असतो, पण टेबलावरच्या पुस्तकाचे वजन आणि टेबलाचा आधार यांना क्रिया-प्रतिक्रिया म्हणणारे निम्म्याहून कमी नसावेत. प्रत्येक बलापुढे ‘कोणाचे’ आणि ‘कोणावर’ लिहायला लावा. पृथ्वीचे पुस्तकावर, टेबलाचे पुस्तकावर: दोन्ही बले एकाच वस्तूवर, म्हणजे जोडी जमली नाही. टेबलाचे पुस्तकावर, पुस्तकाचे टेबलावर: ही जोडी.

शेवटचा रकाना त्रुटींचा. तिथे ‘मानवी चूक’ लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे. घड्याळाचे बटण दाबण्यात 0.2 सेकंदाची अनिश्चितता, एकूण वेळ सुमारे 40 सेकंद, म्हणजे अर्धा टक्का. सूत्रात आवर्तकालाचा, म्हणजे एका आंदोलनाच्या वेळेचा, वर्ग होतो म्हणून गुरुत्वत्वरणात एक टक्का. तेव्हा उत्तर 9.8 ± 0.1. कॅल्क्युलेटरने दाखवलेले 9.8437 जसेच्या तसे उतरवले, तर त्यातले शेवटचे तीन अंक मोजलेले नाहीत, नुसते छापलेले आहेत.

आपला,
एक विज्ञान अध्यापक