विमानातली ‘चांगली’ जागा कोणासाठी चांगली?

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

लांबच्या विमानप्रवासात आसन कसे निवडावे, याविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. शक्य तितके पुढचे, जमल्यास आपत्कालीन दाराजवळचे आणि तेही न मिळाल्यास निदान खिडकीचे आसन घ्यावे, असा त्या लेखाचा एकूण सल्ला होता. तिशीतल्या, एकट्याने फिरणाऱ्या आणि धडधाकट माणसाला तो उपयोगी पडेलही. परंतु मुंबईहून अमेरिकेला निघालेल्या विमानात एकदा मागून पुढे चालत गेले, तर आसनांवर कोण बसलेले दिसते? लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला निघालेल्या आया, नातवंडांसाठी सहा महिने तिकडे राहायला चाललेले सेवानिवृत्त वडील, आणि त्यांच्या पायांशी मेतकूट, भाजणी व औषधांनी फुगलेल्या पिशव्या. यांची तिकिटे आणि तिकिटांबरोबर आसनेही बहुधा तिकडे राहणारी मुलेच काढतात, आणि ती नेमक्या याच सल्ल्याप्रमाणे काढतात. मी व माझी पत्नी अशी प्रेमाने, पदरचे पैसे भरून घेतलेली आसने दोनदा भोगून बसलो आहोत, म्हणून हे पत्र.

माझ्या पत्नीच्या दोन्ही गुडघ्यांचे सांधे बदललेले आहेत. आईला पाय पसरता यावेत म्हणून लेकीने एका खेपेला आपत्कालीन दारालगतची दोन आसने जादा पैसे भरून घेतली. विमानतळावर पत्नीसाठी व्हीलचेअर आधीच सांगून ठेवलेली होती. ती थेट विमानाच्या दारापर्यंत आली, आणि आत पाऊल टाकताच केबिन क्रूमधील मुलीने नम्रपणे पण ठामपणे सांगितले, की या रांगेत तुम्हाला बसता येणार नाही. ती मुलगी बरोबर होती, हे मी आधीच मान्य करतो. निम्मीच दारे वापरून भरलेले विमान ९० सेकंदांत रिकामे करता आले पाहिजे, ही प्रवासी विमानाला मान्यता देतानाची अट आहे, आणि दाराशी बसलेल्या माणसाने प्रसंगी उठून मदत करायची असते. जिला स्वतःला उठताना आधार लागतो तिने तिथे बसू नये, हे कोणालाही पटेल. न पटणारी गोष्ट वेगळी आहे. पैसे घेताना संगणकावर यातले काहीही विचारले गेले नव्हते. एका लांबलचक अटीपत्रापुढच्या चौकोनात खूण केली, की आसन तुमचे झाले. त्याच तिकिटावर व्हीलचेअरची नोंद असतानाही त्या यंत्रणेला दोन्ही गोष्टी एकमेकींना विसंगत आहेत, हे उमगले नाही.

विमान भरलेले होते. शेवटी पत्नीला अगदी मागच्या रांगेत दोघांच्या मधले आसन मिळाले आणि मला तिच्यापासून पाच रांगा पुढे. मागच्या त्या आसनाची पाठ जेमतेम चार बोटे मागे झुके, कारण त्यामागे भिंत होती, आणि भिंतीपलीकडे स्वच्छतागृह. दार उघडले, की उजेडाची एक पट्टी तिच्या तोंडावर पडे. दार लागले, की पाणी ओढून घेण्याचा तो कानठळ्या बसवणारा आवाज होई. रात्रभर तिच्या खांद्याशी रांग उभी होती. पंधरा तासांनी उतरलो तेव्हा तिच्या पावलांना इतकी सूज होती, की चपलांचे पट्टे लागेनात. आसनासाठी भरलेले पैसे परत मागितल्यावर उत्तर आले, की आसन नाकारले जाण्याचे कारण प्रवाशाकडे असल्याने परतावा देय नाही.

पुढच्या खेपेला लेकीने धडा घेऊन विभागाची पहिली, समोर भिंत असलेली रांग निवडली. तिथे समोरचा प्रवासी पाठ मागे टाकत नाही, हे खरे. पण समोर आसनच नसल्यामुळे जेवणाचा ट्रे आणि चित्रपट पाहायचा पडदा हे दोन्ही हाताच्या दांड्यात दुमडून ठेवलेले असतात, त्यामुळे तो दांडा जाड होतो, बसण्याची रुंदी त्या प्रमाणात कमी होते, आणि मुख्य म्हणजे तो दांडा वर उचलता येत नाही. पायाशी पिशवी ठेवायला जागा नसते. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी औषधांची पिशवीसुद्धा डोक्यावरच्या कप्प्यात टाकावी लागते, जिथे माझ्या पत्नीचा हात पोहोचत नाही. शिवाय तान्ह्या बाळांचे पाळणे अडकवायची सोय याच भिंतीवर असते. बाळे रडणारच, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, आम्ही स्वतः अशाच एका बाळाला भेटायला निघालो होतो. परंतु ज्याला झोप हवी त्याने ती जागा पैसे देऊन विकत घेऊ नये, एवढेच.

तिसऱ्या वेळी जागा मी निवडल्या. मुंबई-अमेरिका मार्गावर बरीच वर्षे दिसत आलेल्या बोइंग ७७७ मध्ये साध्या वर्गाची रचना आता बहुतेक ठिकाणी ३-४-३ अशी असते: डावीकडे ए, बी, सी, मध्ये डी, ई, एफ, जी आणि उजवीकडे एच, जे, के. (‘आय’ हे अक्षर एक या आकड्यासारखे दिसते, म्हणून गाळलेले असते.) आता वाटेलगतच्या जागांचा हिशेब पाहावा. सी या जागेवर बसलात, तर बी आणि ए या दोघांनाही बाहेर पडायला तुम्हीच उठावे लागते. डी या जागेवर बसलात, तर फक्त ई तुम्हाला उठवतो. एफ बहुतेकदा जी-कडून जातो. वाटेलगतच्याच दोन जागा, पण उठबस निम्मी. म्हणून पत्नीला डी आणि मला त्याच वाटेच्या पलीकडची सी, अशी निवड केली. मध्ये हातभर वाट, एकमेकांना गोळ्या देता येतात, झोप लागली आहे की नाही ते दिसते, आणि दोघांनाही कोणाला ‘जरा जाऊ द्या’ म्हणायची वेळ येत नाही. मुलांना वाटते, आई-बाबांना शेजारी-शेजारी बसवायला हवे. पंचेचाळीस वर्षे शेजारी बसलेल्यांना पंधरा तास वाटेच्या अंतरावर ठेवले तरी चालते.

याच खेपेला आणखी एक गोष्ट कळली, जी मला सत्तरीपर्यंत कोणी सांगितली नव्हती. वाटेकडचा हाताचा दांडा पक्का बसवलेला वाटतो, पण बऱ्याच आसनांना त्याच्या खालच्या अंगाला, पाठीकडच्या सांध्याजवळ, एक लहानसे बटण किंवा खिट्टी असते. ती दाबून धरली, की दांडा वर उचलला जातो. एका वयस्क परिचारकाने पत्नीचे उठणे दोनदा पाहिले, वाकून ती खिट्टी दाबली आणि तिला म्हणाला, “आधी पाय वाटेत काढा, मग उठा.” दांड्यांवर जोर देऊन गुडघे सरळ करण्यापेक्षा बाजूला वळून उठणे किती सोपे असते, हे ज्याचे सांधे दुखतात त्यालाच कळेल. भिंतीसमोरच्या आणि दाराजवळच्या रांगांत नेमकी हीच सोय बहुधा नसते. जिथे पायांना जास्त जागा म्हणून जादा पैसे घेतात, तिथूनच उठणे सर्वांत अवघड, असा हा प्रकार आहे.

उठण्याविषयी मी इतके लिहितो, त्याला वैद्यकीय कारणही आहे. चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून प्रवास केल्यास पायांच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली आपल्या अभ्यासातून सांगितले. मूळ धोका फार मोठा नाही, सुमारे सहा हजार प्रवाशांमागे एक. परंतु वय, स्थूलपणा, अलीकडची शस्त्रक्रिया यांनी तो वाढतो. त्यानंतर २०१२ साली अमेरिकेतील छातीविकारतज्ज्ञांच्या संस्थेने आपल्या मार्गदर्शनात म्हटले, की यात साध्या वर्गाच्या आसनाचा दोष नसून खिडकीला बसून न उठणे हे अधिक घातक. खिडकीला बसलेली मराठी आजी शेजारी झोपलेल्या दोन अनोळखी माणसांना उठवत नाही. ती पाणीच कमी पिते. मधुमेह असलेल्यांचे किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांचे काय होते, ते निराळे सांगायला नको. आपल्या लेखातील खिडकीच्या सल्ल्याशी माझा मुख्य मतभेद इथे आहे.

पुढे बसण्याच्या हौसेबद्दलही दोन शब्द. पुढच्या रांगांना जादा दर लावतात तो लवकर उतरता येते म्हणून. मात्र व्हीलचेअर घेणाऱ्या प्रवाशांना साधारणपणे सर्वांत आधी चढवतात आणि सर्वांत शेवटी उतरवतात. त्यांच्यासाठी हा खर्च अक्षरशः वाया जातो. धक्क्यांची भीती वाटणाऱ्यांनी मात्र जागेचा विचार जरूर करावा. एसटीत चाकावरची सीट कोणी घेत नाही आणि अगदी मागची तर नाहीच. विमानाच्या बाबतीत यातले अर्धेच खरे आहे: शेपटीकडे हेलकावे अधिक जाणवतात, पण पंखांवरचा भाग हा विमानाच्या गुरुत्वमध्याजवळ असल्याने तिथे ते सर्वांत कमी जाणवतात. खाली काही दिसत नाही, एवढीच त्याची उणीव.

रुंदीच्या बाबतीत जागा नव्हे, तर विमानच निवडावे लागते. हेच ७७७ विमान १९९५ मध्ये सेवेत आले तेव्हा साध्या वर्गात बहुतेक कंपन्या आडव्या रांगेत नऊ आसने बसवीत. पुढे त्याच रुंदीत दहा बसवली गेली आणि प्रत्येकाचे सुमारे दीड इंच गेले. बोइंगच्याच ७८७ मध्ये आठ मावतील असा मूळ विचार होता, बहुतेक ठिकाणी नऊ आहेत. जपान एअरलाइन्ससारखी आठच ठेवणारी कंपनी विरळा. त्या मानाने एअरबस कंपनीच्या ए३३० मधली २-४-२ ही रचना जोडप्यांना सोयीची, आणि ए३५० मधली नऊ आसने अधिक सैल. आणि ‘पिच’ म्हणून जो ३१-३२ इंचांचा आकडा जाहिरातीत असतो, तो पायांची जागा नसून एका आसनावरील बिंदूपासून पुढच्या आसनावरील त्याच बिंदूपर्यंतचे अंतर असते. पाठीची जाडी त्यातूनच वजा होते.

आसनाच्या आकड्यावर विश्वास ठेवण्यातला धोका गेल्या काही काळात एका दुःखद निमित्ताने दिसला. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले ७८७ विमान कोसळले आणि विमानातील २४२ जणांपैकी एकच प्रवासी वाचला. तो ११ए या, आपत्कालीन दाराजवळच्या जागेवर होता. त्या विमानातील कर्मचाऱ्यांपैकी काही जण आपल्या मुंबई-ठाणे परिसरातले होते, त्यामुळे इकडे तो विषय घराघरांत बोलला गेला. त्यानंतर ११ए हीच जागा मागणारे लोक मला भेटले आहेत, त्यांत माझा एक शिकलेला भाचाही आहे. हा क्रमांक त्या विशिष्ट विमानाच्या त्या विशिष्ट मांडणीतला होता. दुसऱ्या कंपनीच्या, दुसऱ्या प्रकारच्या विमानात तो दारापासून दूर, कदाचित वरच्या वर्गातही येऊ शकतो. साध्या दिवशीसुद्धा ऐनवेळी विमान बदलले, की जपून निवडलेला आकडा भलत्याच ठिकाणी जाऊन बसतो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिले ती मागणी. आसन निवडण्याचे स्वतंत्र पैसे घेणे ही आता रुळलेली प्रथा आहे. त्यावर मी वाद घालत नाही. परंतु जी वस्तू वेगळी काढून विकली जाते, तिचे गुणदोष विकण्यापूर्वी सांगितले पाहिजेत. एअरोलोपासारखे खासगी संकेतस्थळ आसनांचे आणि खिडक्यांचे मापात काढलेले नकाशे दाखवू शकते. ज्यांच्या मालकीची विमाने आहेत, त्यांच्या नकाशावर मात्र सारखे, गोंडस, रंगीत चौकोन असतात. अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये युनायटेड आणि डेल्टा या कंपन्यांवर प्रवाशांनी दावे दाखल केले ते याच मुद्द्यावर, की खिडकीच्या जागेचे पैसे घेतले आणि तिथे कोरी भिंत निघाली.

आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याच तिकिटावरील आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी आसन द्यावे, असा आदेश कंपन्यांना दिला होता. म्हणजे आसनवाटपात नियामकाने लक्ष घालणे नवे नाही. त्याच संचालनालयाने आता कंपन्यांना सांगावे, की पाठ न झुकणारी, खिडकी नसलेली, दांडा न उचलणारी आणि स्वच्छतागृहाला लागून असलेली आसने नकाशावर तशी दाखवावीत. आपत्कालीन दाराजवळचे आसन विकण्यापूर्वी, पैसे घेण्याच्या आधी, प्रवाशाचे वय आणि व्हीलचेअरची गरज हे दोन प्रश्न सुटे, ठळक अक्षरांत विचारावेत. आणि ते न विचारता विकलेले आसन दाराशी नाकारले गेले, तर त्याचे पैसे मागण्याची वाट न पाहता परत करावेत. तिकिटावर व्हीलचेअरची नोंद असेल, तर तेही विचारायची गरज नाही. ती रांग त्या प्रवाशाला विकायलाच दाखवू नये.

आपला नम्र,
एक ज्येष्ठ वाचक, ठाणे