लॅपटॉप बंद पडला म्हणजे डेटा गेला असं नसतं

संपादक महोदय,

नमस्कार. ऑनलाइन फसवणुकीबद्दल आपल्या पेपरात बरंच येतं, ते हवंच, पण लॅपटॉप रिपेअरच्या दुकानात लोकांचा डेटा कसा जातो यावर कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. आमच्या शेजारी एक रिटायर्ड सर राहतात, त्यांचा जुना लॅपटॉप एक दिवस चालूच होईना, लाइट नाही, पंखा नाही, काहीच नाही. दुकानदार म्हणाला मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) गेलाय, बदलावा लागेल. आठवड्याने लॅपटॉप चकाचक होऊन घरी आला आणि आत नवं कोरं विंडोज! सरांनी वर्षानुवर्षं टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका, मुलीच्या लग्नाचे फोटो, सगळं साफ. विचारायला गेले तर त्याने पावतीच्या मागची बारीक अक्षरातली ओळ दाखवली, "डेटाची जबाबदारी आमची नाही".

आता मदरबोर्ड गेला आणि हार्ड डिस्क गेली यात जमीन अस्मानाचा फरक आहे. फाइली असतात डिस्कमधे, आणि बोर्ड जळला तरी डिस्क बहुतेक वेळा ठणठणीत असते. जुन्या लॅपटॉपमधली अडीच इंची डिस्क दोन-चार स्क्रू काढले की हातात येते, ती यूएसबी केसिंगमधे घालायची (डिस्क बसवायची यूएसबीवाली डबी, चार-पाचशे रुपयात मिळते) आणि दुसऱ्या कंप्युटरला पेन ड्राइव्हसारखी लावायची, झालं. कधी कधी फोल्डर उघडताना परमिशन नाही म्हणतं, तिथे कंटिन्यू दाबून थोडं थांबायचं. पण "डिस्क फॉरमॅट करायची का" (म्हणजे पुसून कोरी करायची का) असं विचारलं तर चुकूनही हो म्हणायचं नाही, लोक नेमकं तेच करतात.

सरांच्या केसमधे फॉरमॅट झाल्यावर सुद्धा बरंच काही परत मिळालं. कारण साध्या हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅट मारला की फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर जागेवरच असतो, जोवर त्यावर नवीन काही लिहिलं जात नाही तोवर. म्हणून लॅपटॉप लगेच बंद केला, डिस्क काढून दुसरीकडे लावली आणि फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवलं, सापडलेलं सगळं वेगळ्या डिस्कवर घेतलं. फाइलींची नावं गेली, नुसते आकडे आले, पण फोटो आले. प्रश्नपत्रिका उघडल्या तर सगळी अगम्य इंग्रजी अक्षरं, सर म्हणाले "करप्ट झाल्या रे". करप्ट कसल्या, श्रीलिपी या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरच्या फॉन्टमधे टाइप केलेल्या होत्या आणि नव्या विंडोजमधे तो फॉन्टच नव्हता! फॉन्ट टाकला आणि मराठी दिसायला लागलं. जुन्या मराठी फाइली असलेल्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवा, अशा कितीतरी फाइली लोकांनी खराब समजून डिलीट केल्या असतील.

एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवाली नवी डिस्क) असेल तर मात्र एवढं नशीब नसतं. त्यात ट्रिम नावाची सोय असते, डिलीट किंवा फॉरमॅट केलेली जागा ती स्वतःच मोकळी करून टाकते, मग काही हाती लागत नाही. नव्या मॅकबुकमधे आणि काही स्वस्त लॅपटॉपमधे तर स्टोरेज बोर्डालाच सोल्डर केलेलं असतं, काढून लावायचा प्रश्नच नाही. आणि विंडोज 11 च्या नव्या मशीनमधे मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याचदा बिटलॉकरचं (विंडोजची डिस्क लॉक करायची सोय) कुलूप आपोआप लागतं, डिस्क दुसरीकडे लावली किंवा बोर्ड बदलला की 48 आकडी रिकव्हरी की (किल्ली) मागतं. ती बहुतेक वेळा त्याच अकाउंटमधे सेव्ह असते, आजच बघून कागदावर लिहून ठेवा, पासवर्ड विसरल्यावर पळापळ करण्यापेक्षा.

डिस्कमधून टक टक आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. आतलं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, ते टेकलं की प्रत्येक वेळी ओरखडे वाढतात. फ्रीजरमधे ठेवण्याचे वगैरे व्हॉट्सॅपी उपाय तर नकोच. तिथे क्लीन रूम (धूळ नसलेली खोली) असलेली लॅब लागते आणि खर्च हजारोंच्या घरात जातो, डेटा तेवढ्या मोलाचा आहे का ते आपण ठरवायचं.

माझं म्हणणं सगळ्या रिपेअरवाल्यांविरुद्ध नाही, चांगली मुलंही आहेत या धंद्यात. पण फॉरमॅट मारणं हा काही दुकानदारांचा पहिला उपाय झालाय कारण ते सोपं पडतं. जॉब कार्डवर (लॅपटॉप रिपेअरला देताना भरतात तो कागद) "डेटा हवा / नको" असा एक रकाना असावा, त्यावर गिऱ्हाइकाची सही घ्यावी, आणि डिस्क बदलली तर जुनी डिस्क मागायची वाट न बघता परत द्यावी, त्यात आपले आधार, पॅन, बँकेचे कागद असतात. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी हा विषय हातात घेतला तर बरं होईल, एकट्या गिऱ्हाइकाला काउंटरवर कोण विचारतो.

आपला,
एक नियमित वाचक